अंगाला मोठी झालेली कातडी

मंगळवारी पावणेबाराला दाविया हमामच्या गरम खोलीत गुडघ्यांवर बसून पुरुषांचा साबण खरवडत होती. सकाळची वेळ पुरुषांची. ते गेले की फरशीवर काळ्या साबणाचे चिकट थर, मळाच्या वळ्या आणि दाढीचे केस राहतात, आणि बाराला बायका आत यायच्या आधी ते सगळं निघावं लागतं. खराटा मधल्या फरशीला चालतो. कोपऱ्यांत बोटंच घालावी लागतात.

ओणवी झाली की तिचं पोट जमिनीकडे लोंबतं. पोट म्हणायचं ते सवयीनं. पोट दोन वर्षांपूर्वीच गेलं, कातडी तेवढी राहिली. ती आवरायला दाविया जुन्या चादरीची लांब पट्टी फाडून कमरेभोवती घट्ट गुंडाळते आणि कातडीच्या घड्यांमध्ये मक्याचं पीठ भरते. गरम खोलीच्या वाफेत पट्टी लगेच चिंब होते आणि पिठाची खळ होते. खळ वाळली की खाज, खाजवलं की रक्त. मग ती बाहेर जाते, पुसते, दुसरी पट्टी बांधते, परत आत येते. दंडांना आणि मांड्यांना असं काही बांधता येत नाही. चोळताना हात पुढे जातो आणि दंडाखालची कातडी एक ठोका मागून येते.

दाविया सत्तेचाळीस वर्षांची आहे. सला शहराच्या जुन्या भागात, कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या या हमामात ती लग्न झाल्यापासून बायकांना चोळते. पूर्वी तिचं वजन एकशे चाळीस किलोच्या वर होतं, आणि या धंद्यात ते तिचं भांडवल होतं. चोळणारी फरशीवर पाय पसरून बसते आणि बाईला आपल्या मांडीवर आडवी घेते. मांडी भरलेली असली की मान अवघडत नाही, फरशी टोचत नाही. दावियाच्या मांडीवर म्हाताऱ्या घोरायच्या. आसपासच्या निम्म्या मुली तिथेच पालथ्या पडून, साबण डोळ्यांत गेला म्हणून रडल्या आहेत. खरखरीत हातमोजा चढवून ती पाठीवर भार टाकायची तेव्हा मेलेली कातडी शेवयांसारखी सुटून यायची. "दावियानं चोळलं की माणूस एक नंबर लहान होतं," असं बायका म्हणायच्या.

मग गुडघे गेले. एका शुक्रवारी, भर गर्दीत, ती गरम खोलीच्या उंबऱ्यावर घसरून पडली आणि दारात अडकली. चार जणींनी ओढलं, हलली नाही. आत अडकलेल्या बायका उकडून ओरडायला लागल्या. शेवटी दाराशी बसणारी झहूर, मानानं लल्ला झहूर, मागच्या बाजूला जाऊन भट्टीवाल्या बुअज्जाला घेऊन आली. पुरुष आत येतोय म्हटल्यावर जिला जे हाती लागलं ते तिनं पांघरलं. एकीनं बादली डोक्यावर पालथी घातली. बुअज्जाच्या तोंडावर टॉवेल बांधला होता आणि झहूर त्याला हाताला धरून चालवत होती. "डावीकडे ये. अजून डावीकडे. हात खाली. खाली म्हटलं, तिथे नाही!" त्यानं दावियाच्या काखेत हात घालून तिला उपसून काढलं. बायका हसून हसून लोळल्या. दावियाही हसली. पुढच्या महिन्यात ती नदीपलीकडे रबातला एका खाजगी दवाखान्यात गेली आणि जठराचा मोठा भाग कापून घेऊन आली.

हे फक्त तिच्या नवऱ्याला, मिलूदला माहीत होतं. गल्लीत तिनं सांगितलं की लाराशला बहिणीचा पाय मोडलाय, तिच्याकडे जाऊन राहते. खरं सांगितलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते तिला ठाऊक होतं. देवानं धडधाकट आतडी दिली, ती हिनं पैसे देऊन कापून घेतली, एवढं एक वाक्य दहा वर्षं पुरलं असतं. शिवाय बारीक व्हायला दवाखान्यात गेलेली चोळणारी म्हणजे स्वतःच्या पोळ्यांना नाक मुरडणारी भटारीण. ती लपवून गेली.

दवाखान्यात म्हणाले होते, "कातडी थोडी सैल पडेल." वर्षभरात तिचं अर्धं वजन उतरलं आणि कातडी होती तेवढीच राहिली. अंग आत कुठेतरी लहान झालं होतं आणि वरचं आवरण त्याला मोठं होत होतं. ती परत विचारायला गेली. हे सगळं आवळून कापायला दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि तो सौंदर्याचा प्रश्न धरतात, विम्यात बसत नाही, असं तिला सांगण्यात आलं. पोटाखालचं पुरळ दाखवल्यावर मलमाची एक नळी मिळाली.

गुडघे मात्र सुधारले. ती उकिडवी बसू शकते, जिना चढते. हे ती स्वतःला रोज सांगते. मिलूद एवढंच म्हणतो, "मी काही बोललो का?" तो खरंच काही बोललेला नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.

हमामात बाई कमरेवर एक चड्डी सोडली तर काही घालत नाही, चोळणारीही नाही. त्यामुळे दावियाच्या अंगाचं जे झालं ते महिन्या-महिन्यानं सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. उलट बायका जास्त गोड बोलायला लागल्या. आवाज खाली आणून "बरी आहेस ना, लल्ला दाविया?" म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता "देव आहे" म्हणायच्या. मेथ्या कुटून, तुपात भाजून, मधात मळून बरण्या आणून द्यायच्या. अंग धरायला मेथीसारखं काही नाही. दावियाच्या उरलेल्या जठरात एका वेळी चार घास मावतात, मेथीचा एक चमचा तिला वांती करवतो. तिच्या स्वयंपाकघरात अशा अकरा बरण्या जमल्या. तिला वाटलं, आपली कातडी बघून यांना दया येतेय.

त्याच काळात बायका दुसरीकडे वळल्या. तीन वर्षांपूर्वी आलेली इल्हाम तिशीची आहे, गोल, घट्ट. चोळते वरवर, पण तिची मांडी भरलेली आहे. दावियाच्या मांडीवर डोकं टेकलं की ओली कातडी कानाखाली सरकते आणि डोकं हाडावर जाऊन बसतं. एकदा सहा वर्षांच्या एका पोरीनं ती कातडी चिमटीत धरून ताणली आणि विचारलं, "मावशी, तू आतून निघून गेलीस का?" आईनं पोरीच्या थोबाडीत मारली. तीही पुढच्या वेळी इल्हामकडे बसली.

नवऱ्या यायच्या बंद झाल्या त्याचं दावियाला सगळ्यात जास्त लागलं. लग्नाआधी नवरीला हमामात आणतात, मेणबत्त्या लावून, गात, दोन्ही घरच्या बायका मिळून. तिला पहिला हात लावणारी बाई सुखी हवी, नवरा असलेली, निरोगी, भरल्या अंगाची. तिचं जे आहे ते नवरीच्या अंगात उतरतं अशी समजूत आहे. वीस वर्षं या भागातल्या नवरीमुलींना पहिला हात दावियाचा होता. गेल्या वर्षभरात एकही घर तिच्याकडे आलं नाही. पण लुब्नाचं तसं नव्हतं. लुब्ना समोरच्या दारातल्या बतूलची मुलगी, चाळिसाव्या दिवशी तिला पहिल्यांदा हमामात आणलं तेव्हा दावियानंच हातावर घेतली होती, आणि बतूल तिथल्या तिथे म्हणाली होती की लग्नातही हिला तूच न्हाऊ घालायचंस. दावियाला मुलगी नाही. लुब्नाचं न्हाण गुरुवारी होतं. नवा हातमोजा घेऊन, तो दोनदा धुऊन, मऊ करून तिनं खुंटीला अडकवून ठेवला होता.

मंगळवारी दुपारी बतूल गुरुवारची वेळ ठरवायला आली. बाहेरच्या खोलीत लल्ला झहूर कपड्यांच्या फळ्यांपाशी बसली होती आणि खनाता नावाची एक म्हातारी न्हाऊन, तीन टॉवेलांत गुंडाळून बाकावर संत्रं सोलत होती. दाविया पट्टी बदलायला बाहेर आली.

"कितीला आणतेस लुब्नाला?" तिनं विचारलं.

"चारला म्हणतेय," बतूल झहूरकडे बघत म्हणाली. "गर्दी नसते ना चारला?"

"मी तीनलाच खोली धुऊन ठेवते. केसांची घसूल माती आणलीस का? तुझ्या त्या भाच्याच्या दुकानातली नको आणूस, तिच्यात वाळू असते."

"दाविया, तू कशाला त्रास घेतेस? मुली आहेत, त्या आपापसात चोळतील."

"नवरीला मुली चोळणार? मग मी काय झुरळं मारू?"

झहूर किल्ल्या एका कड्यातून दुसऱ्या कड्यात घालत होती.

"इल्हाम आहे," बतूल शेवटी म्हणाली. "तू दमतेस गं."

"कोण म्हणतं दमते? इल्हाम पाठ चोळते की पाठीवरून माशी हाकलते?"

"देव तुला बरं करो, दाविया. खरंच सांगते, प्रत्येक नमाजात मागते मी."

"बरं करो म्हणजे? मला काय झालंय?"

खनातानं संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "अगं बाई, सगळ्यांना माहीत आहे. लपवून काय होणार? ते दुखणं. नाव नको घेऊस, नवरीची आई समोर बसलीय."

आतून गाठ धरून माणसाला वाळवून नेणारं ते दुखणं कोणतं हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. त्याचं नाव घेतलं की ते घर विचारत येतं, म्हणून कुणी घेत नाही. आणि जिला ते झालंय असं वाटतं तिला कुणी विचारतही नाही. त्यामुळे दोन वर्षं सगळी गल्ली दावियासमोर सभ्यपणे गप्प बसली, आणि दाविया आपली लबाडी लपली म्हणून निर्धास्त राहिली.

आधी ती हसली. मोठ्यानं, पूर्वीसारखी. मग बतूलसमोर बसली.

"अगं, मला काही झालेलं नाही. मी जठर कापून घेतलंय. रबातला. एवढंसं ठेवलंय, केळ्याएवढं. ही वजन उतरल्याची कातडी आहे, दुसरं काही नाही."

"कापून घेतलंस? स्वतःहून?"

"गुडघ्यांसाठी."

"तू तर लाराशला गेली होतीस. बहिणीचा पाय मोडला होता ना?"

"बहिणीच्या पायाला काही झालं नव्हतं."

"म्हणजे त्या पायासाठीसुद्धा मी दुआ केली ती फुकट," खनाता म्हणाली.

बतूलचा चेहरा लाल झाला होता. "गेल्या रमजानात तुझ्या नावानं आम्ही मशिदीत कुसकुस रांधून वाटला. सात घरांनी मिळून. मी दोन दिवस भोपळे चिरत होते. भोपळे चिरता चिरता रडले मी."

"मला एका शब्दानं बोलली असतीस तर!"

"आजारी माणसाला सांगतात का, तुझ्या नावानं दान चाललंय म्हणून? आणि तू? रोज समोरासमोर दार उघडतो आपण. तू मला एका शब्दानं सांगितलंस?"

दाविया म्हणाली, "चुकलं. पण मग आता प्रश्न मिटला ना? मी धडधाकट आहे. गुरुवारी मीच."

"आजारी माणूस असंच म्हणतं," खनाता झहूरला हळूच म्हणाली, पण बाहेरची खोली लहान आहे.

बतूल दावियाच्या दंडाकडे बघत होती. "मी ठेवला विश्वास," ती म्हणाली. "पण परवा नवऱ्याकडच्या येणार आहेत टँजियरहून. सासू आणि तिच्या दोन बहिणी. त्यांना काय सांगू? दारात उभी राहून एकेकीला केळ्याएवढ्या जठराची गोष्ट सांगू? त्यांना जे दिसेल ते दिसेल."

"दिसणार नाही. मी अंगभर घालून येते."

"हमामात? कपडे घालून?" झहूर पहिल्यांदाच बोलली. "बाई, वाफेत भाजून निघशील."

"निघेन. तुला काय करायचंय?"

बतूल उठली. दिलेला शब्द मोडायचा नव्हता तिला, आणि ठेवायचाही नव्हता. "बघ," एवढं म्हणून ती गेली.

बुधवारी दावियानं भाचीकडून समुद्रात पोहायचा काळा पोशाख आणला. मनगटापासून घोट्यापर्यंत, ताणणारा, आजकाल किनाऱ्यावर बऱ्याच मुली घालतात तसला. आत शिरायला तिला बराच वेळ लागला. कातडी हातानं गोळा करून, दुमडून, कापडाखाली ढकलावी लागली. मग ती आरशासमोर उभी राहिली. कातडी जागच्या जागी बसली होती. कातडीच्या आत लहान झालेलं आपलं अंग तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं आणि तिला ते आवडलं. असं तिनं नंतर झहूरला सांगितलं, आणि झहूरनं सगळ्यांना.

गुरुवारी चारच्या सुमाराला लुब्नाला आणलं. पुढे मेणबत्त्या, मागे बायका, आणि त्यांचा जीभ हलवून चाललेला लू-लूचा गजर घुमटाखाली इतका घुमत होता की शब्द कळत नव्हते. लुब्नाला गरम खोलीच्या मधोमध बसवलं. दाविया काळ्या पोशाखात तिच्यामागे बसली आणि तिला मांडीवर रेलून घेतलं. कापडानं आवळलेली मांडी घट्ट होती. तिनं लुब्नाचे केस वर बांधले, तोंडाला आणि खांद्यांना काळा साबण लावला, नवा हातमोजा चढवला आणि डाव्या हातापासून सुरुवात केली. मनगटापासून कोपरापर्यंत. मळ सुटायला लागला. बायका गात होत्या. दावियाच्या तोंडावरून घाम धारांनी वाहत होता, पण ती हसत होती.

सासूची थोरली बहीण बादलीत पाय घालून बसली होती. तिनं बतूलला विचारलं, "ही चोळणारी कपडे घालून का बसलीय?"

"तिला थंडी वाजते," बतूल म्हणाली.

"इथे?"

सासूनं मान वळवली. गाणं एका कडव्यावर थांबलं होतं, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं. "हिला कातडीचं काही आहे का? अंगाला फुटलेलं? आमच्या मुलीला हात लावतेय म्हणून विचारते. वाईट वाटून घेऊ नका."

दावियाचा हात थांबला. पोशाखाच्या गळ्यातून, मानेपाशी, वाफेनं लाल झालेलं पुरळ वर आलं होतं, ते तिला स्वतःला दिसत नव्हतं. इतरांना दिसत होतं.

बतूल उठली. ओल्या फरशीवरून भरभर आली. "नाही, नाही," ती पाहुण्यांकडे बघून हसत म्हणाली, "ही चोळणारी नव्हे. ही पाणी भरणारी. चोळणारी येईपर्यंत जरा बसलीय." आणि खाली वाकून तिनं दावियाच्या हातातला हातमोजा बोटांपासून ओढून काढला, लहान मुलाचा काढावा तसा. "इल्हाम! कुठे मेलीस? नवरी वाट बघतेय!"

लुब्नाच्या डोळ्यांवर साबण होता. तिनं डोळे उघडले नाहीत आणि ती काही बोलली नाही. इल्हाम येऊन बसली तेव्हा तिनं नुसतं डोकं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर नेलं.

दावियानं बादल्या भरल्या. गरम नळाची एक, गारची एक, मिसळून, सरकवून. पाहुण्यांनाही तिनंच पाणी दिलं. थोरल्या बहिणीनं बादली घेण्याआधी कड नळाखाली विसळून घेतली. इल्हामनं उजवा हात आणि पाठ केली. डावा हात कोपरापर्यंत झालेला होता, तो तिनं परत मनगटापासून केला, कारण बतूलनं तसं सांगितलं.

बायका गेल्यावर दाविया बाहेरच्या खोलीत आली. पोशाख अंगाला चिकटला होता. झहूरनं कात्री आणून पाठीवर उभा कापला. भाचीला आता नवा घेऊन द्यावा लागणार. आतून कातडी बाहेर आली, कापडाच्या शिवणींचे वळ उठलेले, काखेत सालपटं निघालेली. झहूरनं व्हिनेगर लावलं.

"पोरगी काही बोलली नाही," दाविया म्हणाली.

"तोंडात साबण गेला असता," झहूर म्हणाली.

"हो."

झहूर बराच वेळ व्हिनेगरच्या बाटलीचं बूच लावत बसली. मग म्हणाली की मालकाशी तिचं आधीच बोलणं झालंय. बायका कुरकुर करतात. तिचे स्वतःचे पायही सुजतात आता, दिवसभर दाराशी बसवत नाही. दाराशी बसणारीला अंगावरचं काही काढावं लागत नाही, पायघोळ जेलाबा घालून बसायचं, गळ्यापर्यंत.

"हे कधी बोललीस त्याच्याशी?"

"मंगळवारी. बतूल गेल्यावर."

दावियानं जेलाबा डोक्यावरून घातला, हात बाह्यांत घातले आणि मेणबत्त्यांचं मेण खरवडायला परत आत गेली. इल्हाम निघून गेली होती.

उद्या शुक्रवार. नमाज सुटल्यावर दोनला बायकांना आत सोडतात. गरम खोलीत इल्हाम असेल. किल्ल्या, चपला आणि कपड्यांच्या फळ्या दावियाकडे.